गुडघ्यांचा माग

१

गालिचा बसवणारा माणूस खोलीत सरळ शिरतो आणि पाठमोरा निघतो. काम संपलं की लांब दांड्याच्या ब्रशने गालिच्याची सगळी लव एका अंगाला झोपवायची, खिडकीकडून दाराकडे, आणि ती झोपवता झोपवता आपणच मागे सरकायचं. पाय उंबऱ्याबाहेर पडला की शेवटचा हात मारायचा आणि दार ओढून घ्यायचं. आत एक पाऊल दिसता कामा नये. दार उघडणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा गालिचा कुणी बसवलाच नाही, तो आपला उगवला.

सुतळी हे काम मन लावून करायचा. सुतळी हे काही त्याचं नाव नव्हे. मध्यंतरी तो इतका वाळला होता की पँट कमरेवर टिकेना, पट्टा तर कधीच कुठेतरी हरवलेला, म्हणून सुतळी बांधून फिरायचा. तेव्हा चिकटलेलं हे नाव. आता चांगलं पोट सुटलं होतं, पण नाव सुटलं नाही, आणि त्यालाही ते सोडवायचं नव्हतं. कुणी विचारलंच तर सरळ सांगायचा, क्रॅक ओढायचो, कोकेनचा खडा. पाच-दहा मिनिटं राजा, आणि पुढे रात्रंदिवस भिकारी. ऐकणाऱ्याची चुळबुळ झाली की याला बरं वाटायचं. ओढताना लाजलो नाही, आता सांगताना कशाला लाजू, असा त्याचा खाक्या.

सोडून चौदा महिने झाले होते. थोरल्या बहिणीच्या घरी राहत होता, आणि त्याची आठ वर्षांची लेकही तिथेच वाढत होती. ताईने अट घातली होती, तीही चहा ओतता ओतता, आवाज न चढवता. एकदा जरी हात लावलास तर हे दार तुला बंद, लेक माझ्याकडे राहील. डॉक्टरीणबाईंनी तर त्याहून थोडक्यात आटोपलं होतं. छत्तिसाव्या वर्षी हार्ट अटॅक येऊन गेलेला माणूस, हृदयाचा एक तुकडा कायमचा मेलेला. त्या म्हणाल्या होत्या, "पुन्हा ओढलीत, तर मी इथे असेनच. तुमचं मला सांगता येत नाही."

तर असा हा सुतळी, आणि त्याचा जोडीदार मास्तर. मास्तर म्हणजे चाळीस वर्षं गालिचे बसवून दोन्ही गुडघे घालवून बसलेला म्हातारा. तो आता उभ्यानेच मापं काढायचा, कापायचा, आणि कानावर खोचलेली पेन्सिल दिवसातून दहा वेळा खोलीभर शोधायचा. दोघांना एका जुन्या हॉटेलच्या तिसऱ्या मजल्याचं काम मिळालं होतं. बारा खोल्या, दिवसाला एक. हॉटेल बंद, मजला रिकामा, खाली एक पहारेकरी, आणि खोल्यांच्या किल्ल्या सुतळीच्या खिशात.

२

सातव्या खोलीपाशी ते पहिल्यांदा दिसलं.

सकाळी काम सुरू करण्याआधी कालची खोली उघडून बघायची त्यांची रीत होती. रात्रीतून कुठे कड सुटलेली असते, कुठे फुगा आलेला असतो. सुतळीने दार उघडलं. ऊन तिरपं आत येत होतं, आणि तिरप्या उन्हात लव काही लपवत नाही.

खोलीच्या बरोबर मधोमध दोन जाड पट्टे सुरू होत होते. ते पलीकडच्या भिंतीकडे गेले होते, भिंतीच्या कडेकडेने वळले होते, कोपऱ्यात थोडा वेळ घुटमळल्यासारखे झाले होते आणि परत फिरले होते. दोन्ही बाजूंना, हातभर अंतरावर, तळव्यांचे ठसे.

मास्तर मागून डोकावला. "काल परत आत गेला होतास?"

सुतळी नाही म्हणाला. मास्तरने मान तिरकी करून एक डोळा मिटला आणि निदान केलं की एखादी पट्टी उलट्या लवेची बसली असेल, उन्हात रंग वेगळा दिसतो. ही चूक सगळ्यांच्या हातून एकदा तरी होते. पण उलटी पट्टी भिंतीपासून भिंतीपर्यंत उलटी असते, ती खोलीच्या मध्यात सुरू होऊन कोपऱ्यात वळत नाही. हे मास्तरलाही ठाऊक होतं, म्हणून तो पेन्सिल शोधायला लागला.

सुतळी मात्र खाली बघत राहिला. डावा पट्टा उजव्यापेक्षा रुंद होता, आणि पुसट. डावा गुडघा नीट उचलला जात नव्हता, फरपटत नेलेला होता. सुतळीचा डावा गुडघा चार वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून कामातून गेला होता. रांगताना तो फरपटतोच.

मध्यापर्यंत यायला आणि मध्यातून जायला मात्र कसलीच खूण नव्हती. जो कुणी रांगला, तो तिथेच सुरू झाला होता. सुतळीने ब्रश घेतला, सगळं पुसून काढलं, पाठमोरा बाहेर आला आणि कुलूप दोनदा ओढून बघितलं.

३

हे रांगणं काय असतं ते ज्याने केलं नाही त्याला सांगून कळायचं नाही, तरी सांगतो.

खडा संपतो. तो संपतोच, आणि संपल्याच्या दुसऱ्या मिनिटाला मन म्हणतं, एखादा कण खाली सांडला असेल. झालं. माणूस गुडघ्यांवर येतो. फरशीच्या फटी, सोफ्याखालची धूळ, सतरंजीचे दोरे. प्रत्येक पांढरा कण उचलायचा, काचेच्या नळीत घालायचा आणि लायटर लावायचा. साबणाचा तुकडा, भिंतीचा पापुद्रा, साखर, नखाची कातरण, सुतळीने सगळं ओढून बघितलं होतं. तापलेल्या काचेने ओठांना फोड आलेले, बोटांची टोकं भाजून गुळगुळीत झालेली, खोकताना काळा बेडका पडायचा. तीन-तीन दिवस झोप नाही. कातडीखाली किडे चालतायत म्हणून दंड ओरबाडून रक्त काढायचं, आणि दाराबाहेर कुणीतरी उभं आहे म्हणून तासतासभर किल्लीच्या भोकाला डोळा लावून बसायचं. बाहेर कुणीही नसायचं. जाऊ दे, ते सगळं दवाखान्यातल्या पत्रकावर छापलेलं असतं.

पत्रकावर नसतं ते हे. एका सकाळी तो असाच रांगत होता, दुसऱ्या शहरातल्या त्याच्या जुन्या घरात. बायको त्याआधीच निघून गेली होती. तेव्हा सात वर्षांची असलेली लेक झोपेतून उठून आली आणि म्हणाली, बाबा, काय हरवलं? पांढरं काहीतरी, असं तो म्हणाला. ती लगेच शेजारी गुडघ्यांवर आली. तिला वाटलं मदत करावी. दोघं तासभर रांगत होती. दर थोड्या वेळाने इवलीशी बोटं त्याच्या नाकासमोर यायची. "हे का?"

नाही. "हे का?" नाही.

शेवटी बाप रडायलाच लागला, तशी ती धावत जाऊन फळीवरची काडेपेटी घेऊन आली. तीत आदल्या दिवशी पडलेला तिचा दात होता, जपून ठेवलेला. तिने तो तळहातावर ठेवून पुढे केला. हे चालेल का, असं विचारलं.

त्याने तो घेतला. नळीत घातला आणि लायटर लावला. ती बघत होती.

त्याच दुपारी छातीत कळ आली आणि तो तिथल्या तिथे कोसळला. लेकीने शेजाऱ्यांचं दार वाजवलं म्हणून वाचला. हे मात्र तो कुणाला सांगत नसे. ताईलाही नाही, मास्तरलाही नाही. खाक्या बिक्या सगळा या एका गोष्टीपाशी संपायचा.

४

आठव्या खोलीत माग पुन्हा होता. नवव्यातही. सुतळीने पहारेकऱ्याला छेडलं. तो म्हणाला, वर कोण मरायला जातंय. मग सुतळीने खिडक्यांच्या खिट्ट्या तपासल्या, कुलपावर चिकटपट्टी लावली. सकाळी पट्टी जशीच्या तशी आणि आत माग. रोज मधूनच सुरू, आणि रोज हातभर तरी दाराच्या जवळ येऊन संपलेला.

दहाव्या खोलीचं काम चालू होतं तेव्हा भरदुपारी त्याला आवाज आला. तो गुडघ्यांवर होता, मास्तर व्हरांड्यात मापं काढत होता. आवाज भिंतीपलीकडून, नवव्या खोलीतून येत होता. लवेवरून तळवा फिरवल्यावर होतो तो. सर्र, मग थांबा, मग नखाने काहीतरी टोकरल्याचा बारीक टिक. परत सर्र. सुतळीने हातातलं काम थांबवलं. पाइपांमधून पाणी वाहतं, लाकूड उन्हाने तडकतं, जुन्या इमारतीला हजार आवाज असतात, हे त्याने स्वतःला समजावलं, आणि ते खरंही आहे.

मग भिंतीपलीकडून अगदी हळू, कुणाला त्रास होऊ नये अशा बेताने, कुणीतरी विचारलं, "हे का?"

उठून नवव्या खोलीपर्यंत कसा पोचला ते सुतळीला आठवत नाही. कुलूप होतंच. ते उघडलं. आत कुणी नव्हतं. सकाळी स्वतःच्या हाताने झोपवलेल्या लवेवर आता दोन जोड्या होत्या. एक मोठी, डावा गुडघा फरपटणारी. तिच्या अंगाला लागून दुसरी, लहान. लहान गुडघे, लहान तळवे, मोठ्यांच्या वळणावर वळणारे.

मास्तर येऊन शेजारी उभा राहिला. या वेळी त्याने उलट्या लवेचं नाव काढलं नाही. तो एवढंच म्हणाला की इथे पोर कुठून आलं.

५

संध्याकाळी घरी गेल्या गेल्या सुतळीने ताईला सांगितलं, माझी तपासणी कर. घरात लघवी तपासायच्या पट्ट्या ताईने पहिल्या महिन्यातच आणून ठेवल्या होत्या. गेले कित्येक महिने त्या कपाटात पडून होत्या. तिचा चेहरा उतरला. काही झालंय का, तिने विचारलं. तो म्हणाला, तेच बघायचंय.

आणि खरंच त्याला तेच बघायचं होतं. भुतंबितं त्याला मान्य नव्हती. स्वतःवरचा संशय मात्र मान्य होता. पूर्वी अख्खेच्या अख्खे दिवस त्याच्या डोक्यातून पुसले जायचे. आपणच रात्री जाऊन ओढत असू, रांगत असू, आणि सकाळी विसरत असू, तर? त्या लहान गुडघ्यांचं काय, हा प्रश्न त्याने मुद्दाम लांब ठेवला.

पट्टीवर दोन रेघा म्हणजे माणूस कोरा. दोघं स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून बघत होती. पहिली रेघ आली. मग दुसरी. ताईने श्वास सोडला आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. जीव घेशील एक दिवस माझा, म्हणाली.

सुतळीला मात्र आनंद झाला नाही. तो नसेल, तर मग कोण?

जेवताना लेक खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. तिचे दोन्ही गुडघे लालभडक होते. खरचटलेले नव्हते, घासलेले होते, आणि नुकतीच सोललेली कातडी कडेला पांढरी झाली होती. गालिच्यावर गुडघे घासले की कसं होतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. ताईच्या घरात सगळीकडे फरशी.

"हे कशाने झालं गं?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "उठले की असतात." मग थोडा विचार करून म्हणाली, "बाबा, मला ना रोज खूप दमायला होतं झोपेत."

त्याने घास ताटात ठेवला. भीती वाटली, नाही असं नाही. पण तिच्या मागोमाग जे आलं ते भीतीपेक्षा मोठं होतं, आणि कित्येक महिन्यांत त्याला तसा राग आला नव्हता. माझं काय व्हायचं ते होऊ दे. ती का अजून तिथे रांगतेय?

६

सकाळी त्याने मास्तरला काही न सांगता दहावी खोली उघडली. मास्तर मागे होताच.

दोन्ही जोड्या होत्या. पलीकडच्या कोपऱ्यात, भिंतीपाशी, लहान तळव्यांचा माग संपत होता, आणि त्या शेवटच्या ठशापुढे लवेवर एक पांढरा कण होता. हरभऱ्याच्या डाळीएवढा. अगदी दिसेल असा, नीट ठेवलेला.

सुतळीची जीभ बधिर झाली. नुसतं बघून. ओठांवरचे जुने वण चरचरले, बोटांनी खिशात लायटर चाचपला, जो चौदा महिन्यांपासून खिशात नव्हता. छातीत हृदयाचा उरलासुरला तुकडा धडाधड उडायला लागला. प्लास्टरचा कपचा असेल. कुण्या जुन्या पाहुण्याचा खडा असेल, गालिचा काढताना कुठून निसटलेला. किंवा दात असेल. वाकून बघितलं की कळेल. फक्त बघायचं. गुडघे टेकायचे, बोटांत धरायचा आणि बघायचं.

डावा गुडघा आपोआप वाकायला लागला होता.

त्याच वेळी, उघड्या दाराच्या आडोशाला, डोळ्याच्या कोपऱ्यात त्याला खाली काहीतरी दिसलं. पाठ. बरगड्या मोजता येतील अशी वाकलेली पाठ, आणि कमरेला सुतळीची गाठ. मान वळवली तर तिथे नुसती भिंत.

"नाही," सुतळी म्हणाला. मोठ्याने, मास्तरला ऐकू जाईल असं. "वाकायचा नाही मी. काय आहे ते मला बघायचंच नाही."

आणि गालिचा बसवणाऱ्याने जन्मात करू नये ती गोष्ट त्याने केली. बुटांसकट खोलीत शिरला. मास्तरच्या तोंडून अरे अरे निघालं. सुतळी ताठ चालत गेला, टाचा रोवत, लवेवर एकेक पाऊल उमटवत, थेट कोपऱ्यापर्यंत. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या खोल्या गुडघ्यांवर बघितल्या होत्या. ही त्याने उभ्याने बघितली. कणाकडे नजर जाऊ दिली नाही. लहान तळवे जिथे संपत होते तिथे उजवा हात थोडा खाली धरून तो म्हणाला, "ऊठ बाळा. हरवलेलं नव्हतंच काही. बाबा खोटं बोलला होता. दात द्यायला नको होतास, आणि मी तर घ्यायलाच नको होता. चल घरी."

मग दाराआडच्या भिंतीकडे बघून आवाज बदलून म्हणाला, "तुला शोधायचंय ना? शोध. मर शोधून. पण एकटा."

हाताला काही लागलं नाही. लागलं असं तो नंतरही कधी म्हणाला नाही. मास्तरने बघितलं ते इतकंच, की जाताना ढांगा टाकत गेलेला माणूस येताना फार सावकाश आला, छोटी छोटी पावलं टाकत, उजवा हात शरीरापासून जरा लांब. आणि पाठमोरा नाही, सरळ.

बाहेर येऊन तो भिंतीला टेकला. घामाने निथळत होता. "मास्तर, कोपऱ्यात एक पांढरं आहे. ते व्हॅक्यूमच्या मशिनने ओढून घ्या. धुळीची पिशवी लांब नेऊन टाका. आणि काय होतं ते मला कधी सांगू नका."

मास्तर दुखऱ्या गुडघ्यांनी आत गेला, मशिन लावलं, पिशवी काढून तोंड बांधलं आणि तीन मजले उतरून गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

"नकोच ना सांगायला?"

"नको."

लव न झोपवताच त्यांनी खोलीला कुलूप लावलं.

७

दुसऱ्या दिवशी लेकीने उठून येऊन सांगितलं की आज छान झोप लागली. सुतळीने तिचे गुडघे बघितले, मग चष्मा लावून पुन्हा बघितले. सोललेल्या कातडीवर कोवळी गुलाबी कातडी धरली होती. ताईने विचारलं, एवढं काय बघतोयस, तर म्हणाला, काही नाही, गुडघे.

दहाव्या खोलीत त्याच्या बुटांचे ठसे कालच्यासारखेच होते. कोपऱ्यात जाणारे लांब लांब, परत येणारे जवळ जवळ. कोपऱ्यापर्यंत गेलेले लहान गुडघे आणि लहान तळवे तिथेच संपले होते. तिथून पुढे, परतीच्या बुटांच्या उजव्या अंगाला, लहान अनवाणी पावलं होती. पाची बोटं उमटलेली, उभी, चालणारी. ती त्याच्याबरोबर उंबऱ्यापर्यंत येऊन खोलीबाहेर गेली होती.

मास्तरने टोपी काढली. सुतळी ओक्साबोक्शी रडला आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

मग त्याचं लक्ष खाली गेलं. मोठा माग थांबला नव्हता. कण जिथे होता तिथे त्याने लव पार चिवडून टाकली होती, गोल गोल, पुन्हा पुन्हा. तिथून तो निघाला होता डावा गुडघा फरपटत, सरळ दारापर्यंत. उंबऱ्याच्या आत, चार बोटांवर, दोन तळवे शेजारी शेजारी टेकलेले होते. बोटं बाहेरच्या दिशेने.

सुतळीने डोळे पुसले, ब्रश उचलला आणि आत गेला. खिडकीपासून सुरुवात केली. बुटांचे ठसे गेले, गुडघे गेले. लहान पावलांपाशी हात क्षणभर अडला, मग तीही गेली, त्यांना आता इथे काही काम नव्हतं. पाठमोरा सरकत तो उंबऱ्याबाहेर आला, आणि उभ्या उभ्याच, न वाकता, त्या दोन तळव्यांवरून शेवटचा हात मारला.

अकराव्या खोलीत ते पुन्हा होते, तसेच, उंबऱ्याशी. त्याने ते पुन्हा पुसले. बाराव्यातही होते. मास्तर म्हणाला, हे आता तुझ्या मागे पुढच्या कामावरही येणार की काय.

"येऊ दे," सुतळी म्हणाला आणि ब्रश खांद्यावर टाकला. "ब्रश माझ्याकडे आहे."